निरनिराळ्या चाली व एक पंगत

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११ व १५, गलतीकरांस पत्र, अध्याय २)



प्रभूच्या शिष्यांस 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम कोठे मिळाले, असे शब्बाथशाळेतील लहान मुलास विचारिले तर तेही 'अंत्युखियास' असे तत्काळ उत्तर देते. परंतु हे नाव यरुशलेमेत का मिळाले नाही, असे विचारणारे फार थोडे. यरुशलेमेतील मंडळी अगोदरची. प्रेषित तेथे, प्रभूचा वधस्तंभ व रिकामी कबर तेथे. तथापि तेथील शिष्य जन्माने यहूदी होते, मंदिरात जात होते, आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते यहूद्यांतीलच एका नव्या मताचे लोक होते. त्यांस निराळे नाव देण्याचे कोणास प्रयोजन वाटले नाही. अंत्युखियाची गोष्ट वेगळी. ओरोंतेस नदीच्या काठचे ते सूरिया प्रांतातील मोठे शहर. नाना देशांचे व्यापारी, शिपाई, दास व कारागीर तेथे येऊन राहिलेले. तेथे यहूदी व हेल्लेणी एका घरात बसून प्रार्थना करू लागले, तेव्हा ह्या लोकांस कोणत्या जातीत मोजावे हे नगरवासीयांस समजेना. यहूदी म्हणावे तर त्यांत हेल्लेणी आहेत, हेल्लेणी म्हणावे तर त्यांत यहूदी आहेत. जुन्या नावांपैकी एकही पुरेना, म्हणून नवे नाव पडले, असे आम्हांस वाटते. आपण जे नाव आज मिरवितो, ते निरनिराळ्या चालींचे लोक एकत्र बसल्याने मिळालेले नाव आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी त्या मंडळीच्या पाच शिक्षकांची नावे दिली आहेत. वाचताना आपण ती भराभर वाचून पुढे जातो, हे बरे नव्हे. बर्णबा हा कुप्र बेटाचा लेवी. शिमोन ह्याचे टोपणनाव 'निग्र', म्हणजे काळा. लूक्य हा आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कुरेने शहराचा. मनाएन हा हेरोदाच्या घरी, त्याच्याबरोबर वाढलेला. आणि पाचवा शौल, तार्साचा परूशी, ज्याने थोड्याच वर्षांपूर्वी शिष्यांस धरून तुरुंगात घातले होते. राजवाड्यात वाढलेला मनुष्य आणि लोकांनी वर्णावरून ओळखावा असा मनुष्य एका मंडळीत शेजारी शेजारी बसून शिकवितात! ह्या पाचांचे खाणेपिणे, उच्चार व रीतिभाती एक नव्हत्या, हे सांगावयास नको. तरी त्यांनी एकत्र उपास केला, एकत्र प्रार्थना केली, आणि त्याच प्रार्थनेतून परदेशांत सुवार्ता पाठविण्याचे काम निघाले.

ह्याच मंडळीत पुढे तो प्रसंग घडला, जो पौलाने गलतीकरांस कळविला आहे. पेत्र अंत्युखियास आला व परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवू लागला. मग याकोबाकडून काही माणसे आली. ती येताच पेत्र मागे सरला व वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी बंधूही उठले, आणि बर्णबासारखा मनुष्यसुद्धा त्या ओघात वाहून गेला. पंक्तीतून उठून जाणे म्हणजे काय, हे युरोपातील टीकाकारांस आपल्या वाचकांकरिता पुष्कळ पाने खर्चून समजावावे लागते. आम्हां भारतीय लोकांस ते कोणी समजावावयास नको. मागे राहिलेल्या बंधूंच्या ताटात तेव्हा काय उरले असेल, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी स्वतः भोगिले आहे.

येथे लक्षात घ्या की पेत्राने आपल्या उपदेशातील एक अक्षरही बदलले नव्हते. सुंतेवाचून तारण नाही, असे तो म्हणाला नाही. त्याने केवळ आपली बसण्याची जागा बदलली. तरी पौलाने सर्वांसमक्ष त्याचा निषेध केला. आणि पौल हा काही चालीरीतींचा वैरी नव्हता. त्याने तीमथ्याची सुंता करविली. किंख्रियेस नवस फेडण्याकरिता केस कापविले. यरुशलेमेत वडीलजनांच्या सांगण्यावरून मंदिरात जाऊन शुद्धीचे विधी पाळिले. यहूद्यांबरोबर तो यहूद्यांच्या रीतीने वागे व इतरांबरोबर इतरांच्या रीतीने. एवढा सोशिक मनुष्य ह्या एका ठिकाणी का संतापला? कारण इतर ठिकाणी चाल ही चालच होती. येथे चालीने भावास पंक्तीबाहेर ठेविले. आमच्या मते सगळा भेद येथे आहे. चाल निराळी असणे वेगळे, आणि चालीच्या नावाने भावास उठविणे वेगळे.

सुमारे इ. स. ४९ मध्ये यरुशलेमेत जी सभा भरली, तिच्या पत्राकडे ह्याच दृष्टीने पाहावे. परराष्ट्रीयांनी सुंता करावी व मोशेचे नियमशास्त्र पाळावे, असा काहींचा आग्रह होता. सभेने तो आग्रह सोडिला. जन्मापासून ज्यास देवाची आज्ञा मानिले, ते दुसऱ्यावर लादावयाचे नाही, असे यहूदी बंधूंनी ठरविणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच पत्रात परराष्ट्रीय बंधूंसही काही सोडण्यास सांगितले : मूर्तींस वाहिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारिलेल्या प्राण्यांचे मांस, आणि जारकर्म. ह्यांपैकी शेवटचे तर कोठेही व केव्हाही पापच. परंतु रक्ताचा व मांसाचा नियम का? मोशेचे शास्त्र प्रत्येक शब्बाथी नगरोनगर वाचले जाते, असे कारण याकोबाने दिले. म्हणजे यहूदी भावास ज्याची किळस येते ते त्याच्या पुढ्यात वाढू नका. एकाने आपला हक्क सोडिला, दुसऱ्याने आपला घास सोडिला, म्हणून दोघांस एकत्र बसता आले.

हे पत्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस फार जवळचे आहे. कापणीच्या सणास प्रीतिभोजन करावयाचे ठरते, आणि काय शिजवावे ह्यावरून आदल्या रात्रीपर्यंत कुरबूर चालते. एका घरी मांस नित्याचे, दुसऱ्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या शिजलेले नाही. 'विश्वासणाऱ्यास सर्व शुद्ध आहे' हे सांगणारा आमच्यात कोणी तरी असतोच, आणि बहुधा ते सांगताना त्याचे लक्ष शास्त्रापेक्षा हंडीकडे अधिक असते! त्याचे म्हणणे खोटे नाही. पण करिंथकरांस पौलाने कळविले की ज्याच्या खाण्याने भाऊ अडखळतो, त्याने ते न खाणेच बरे. ज्यास मोकळीक आहे त्याने त्या दिवसापुरते सोडावे. ज्यास मोकळीक नाही त्याने, दुसरा आपल्या घरी काय खातो ह्याची चौकशी करू नये. घरोघरची चूल मंडळीच्या सत्तेखाली नाही.

प्रेषितांच्या मागून हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने आला, आणि ती गोष्ट आपल्या उपदेशक बंधूंस ठाऊक असावी म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. आशिया प्रांतातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील मंडळ्या, प्रभूच्या दुःखसहनाचा व पुनरुत्थानाचा सण यहूद्यांच्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीस पाळीत, मग त्या दिवशी वार कोणताही असो. रोम येथील मंडळी तो रविवारीच पाळी. म्हणजे एक पक्ष तिथी धरी, दुसरा वार धरी. आमच्या शेजाऱ्यांच्या पंचांगात स्मार्तांची एकादशी एके दिवशी व भागवतांची दुसऱ्या दिवशी छापिलेली आपण पाहतो, त्यामुळे हा वाद आपणांस परका वाटणार नाही. आशियातील पुष्कळ ख्रिस्ती लोक उद्योगधंद्याकरिता रोमेत जाऊन राहिले होते. एकाच नगरात, एकाच प्रभूचे शिष्य, काही अजून उपासात तर काही सणाच्या आनंदात!

सुमारे इ. स. १५५ मध्ये स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प हा रोमेस गेला. प्रेषित योहानापासून आपणांस ही चाल मिळाली, असे त्याचे म्हणणे. रोमचा बिशप अनिसेतस म्हणे की आम्ही आमच्या पूर्वीच्या वडिलांची चाल कशी सोडावी? दोघे बोलत बसले. कोणी कोणास पटवू शकला नाही, आणि त्या बाबतीत दोघांनीही माघार घेतली नाही. मग अनिसेतसाने काय केले? आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा मान त्याने पॉलिकार्पास दिला. वाद सुटला नाही, पण भाकर मोडली गेली. आणि दोघे शांतीने एकमेकांपासून निघाले. पॉलिकार्प स्मुर्णेस परतला व पुढे लवकरच प्रभूच्या नावाकरिता अग्नीत मेला.

ह्यानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी, इ. स. १९० च्या आगेमागे, रोमेत व्हिक्टर नावाचा बिशप होता. त्याने आशियातील मंडळ्यांस कळविले की चाल बदला. इफिसच्या पॉलिक्रेटिसाने उत्तर लिहिले की माझ्या कुळातील सात जण बिशप होऊन गेले, मी आठवा. आम्ही सर्वांनी हीच तिथी पाळिली, आणि आता मी धमकीने भिणार नाही. व्हिक्टरने त्या सर्व मंडळ्यांस सहभागितेतून काढून टाकण्याचे योजिले. तेव्हा गॉल देशातील लियोनचा बिशप इरेनियस ह्याने त्यास पत्र लिहिले. हा इरेनियस स्वतः मोठा मार्मिक साक्षी होता. त्याचे बालपण आशियात गेलेले. पॉलिकार्पास त्याने लहानपणी पाहिले होते. पण राहत होता पश्चिमेत व सण पाळीत होता रविवारी. म्हणजे चालीने तो व्हिक्टरच्या पक्षाचा, आणि तरी त्याने व्हिक्टरसच सांगितले की तुमच्या आधीच्या वडिलांनी ह्या कारणास्तव कोणास बाहेर घातले नाही. उपासाची रीत निराळी असून आपण एक आहो, ह्यावरून विश्वासाचे ऐक्य उलट अधिक उघड होते. आपल्या पक्षाच्या माणसास आवरणारा मनुष्य प्रत्येक मंडळीस मिळो, अशी आमची प्रार्थना आहे. विरुद्ध पक्षास आवरणारे पुष्कळ मिळतात.

परंतु 'चाली निरनिराळ्या असू द्या' हे वचन ऐकून कोणी आपला जुना पंक्तिभेद त्याच्या आडोशास आणून ठेवील, तर सावध असावे. असे घडले आहे. तंजावर प्रांतातील जुन्या मंडळ्यांत वेल्लाळ घराण्यांतील ख्रिस्ती एका बाजूस बसत, पारिया म्हणविल्या जाणाऱ्या लोकांतून आलेले ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस. आणि प्रभूच्या मेजाजवळ येतानाही आधी हे, मग ते, असा क्रम असे. पुष्कळ जुन्या मिशनऱ्यांनी हा केवळ देशाचार आहे असे समजून तो सोशिला. त्यांचे हेतू वाईट नव्हते. परदेशातून आलेल्या मनुष्यास कोणती गोष्ट निव्वळ रीत आणि कोणती गोष्ट भिंत, हे कळणे कठीण जाते. शेवटी १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन ह्यांनी लिहून पाठविले की मंडळीत जातिभेद राहता कामा नये. तंजावरास त्यावरून मोठी खळबळ झाली, व कित्येक मंडळी सोडून गेले. जाणाऱ्यांचे म्हणणे असे की, परके लोक आमच्या चालींवर घाला घालीत आहेत. ह्यांत थोडे खरे होते, कारण फुले माळणे, वाद्ये वाजविणे अशा निरुपद्रवी देशी गोष्टींसही काही मिशनरी नाके मुरडीत असत, आणि तो त्यांचा अन्याय होता. पण प्याला कोणी आधी घ्यावा हे जन्मावरून ठरविणे, ह्यास चाल म्हणता येत नाही. वरच्या बाजूस बसणाऱ्यास ती चाल वाटते. तिचे खरे नाव खालच्या बाजूस बसणाऱ्यास विचारावे.

आता आमच्या महाराष्ट्राकडे वळू. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस आले व १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांचे काम सुरू झाले. स्कॉटलंडचे मिशनरी १८२३ साली कोकणात उतरले. इंग्लंडच्या मंडळीचेही मिशनरी आले. सुवार्ता तर सर्वांनी एकच आणिली, पण प्रत्येकाने तिच्याबरोबर आपल्या गावची पेटी आणिली. म्हणून आमच्यात कोणी प्रभुभोजन गुडघे टेकून घेतात, कोणी बसून. इंग्लंडात गुडघे टेकण्याची चाल राहिली. स्कॉटलंडात लोक लांब मेजाभोवती पंगतीप्रमाणे बसत, आणि १६१८ साली राजाच्या इच्छेने पर्थच्या सभेने गुडघे टेकण्याचा नियम केला तेव्हा तेथे मोठा क्षोभ झाला. ज्या भांडणाचे मूळ चारशे वर्षांपूर्वीच्या परदेशात, त्यावरून आमच्या एका आळीतील दोन कुटुंबांनी एकमेकांच्या प्रार्थनासभेस जाणे टाकावे, हे पाहून हसावे की रडावे? ह्यांतील कोणीही पर्थ पाहिलेले नसते.

उलट दिशेचेही उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे एकेचाळीस वर्षे. पुष्कळ आरंभ करणारे शेवट पाहण्यास जिवंत राहिले नाहीत. बिशप असावा की नसावा, हा एक प्रश्न. त्याहून कठीण बाप्तिस्म्याचा. काहींच्या येथे तान्ह्या बालकांचा बाप्तिस्मा, काहींच्या येथे मनुष्याने स्वतः विश्वास पत्करल्यावर. कोणत्याही पक्षाने आपली समजूत खोटी होती असे म्हटले नाही. दोन्ही रीतींस एका मंडळीत जागा दिली. हे अनिसेतसाचेच काम अठराशे वर्षांनी नागपुरास झाले, असे आम्ही समजतो. सगळे मिटले असे मात्र कोणी समजू नये. जमिनींचे व इमारतींचे खटले ऐक्यानंतरही चाललेले आपण ऐकितो. आणि ज्या मंडळ्या त्या ऐक्यात आल्या नाहीत, त्या प्रभूच्या नाहीत असेही कोणी म्हणू नये.

जगातील बहुतेक ख्रिस्ती लोक आज आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथे राहतात. त्यांच्या रीती ऐकिल्या म्हणजे आपल्या मनाची खिडकी उघडते. इथिओपियातील ख्रिस्ती पायांतील जोडे काढून देवालयात जातात, जसे आमच्या खेड्यांत आपण जातो. आणि तेथे ढोल वाजवून संथ पावलांनी नाचत स्तुती करितात. कोरियात पहाटेच्या अंधारात प्रार्थनेस जमण्याची चाल शंभर वर्षांहून अधिक काळ चालली आहे, आणि तेथे सर्वजण एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करितात. आमच्या शांत उपासनेत बसणाऱ्यास तो गलका वाटेल. केरळातील पुरातन सुरियानी मंडळ्यांत नवरीस नव्या वस्त्रातील सुताच्या दोऱ्यात ओविलेला, क्रूसाचे चिन्ह असलेला लहान सुवर्णाचा 'मिन्नू' बांधितात. आमच्यात एका मंडळीची नवरी मंगळसूत्र घालते, दुसरीची केवळ आंगठी, आणि दोघींच्या सासवा एकमेकींच्या ख्रिस्तीपणाविषयी शंका घेतात! आमचे रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी अभंगाच्या चालीवर प्रभूचे गुण गाइले. आज ती पदे बहुतेक सर्व पंथांच्या मराठी मंडळ्यांत गातात, आणि हे गीत कोणत्या मिशनचे, असे कोणी विचारीत नाही.

दूरच्या इथिओपियाचे कौतुक करणे सोपे असते. कठीण परीक्षा जवळ आहे. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून व इतर भागांतून कुटुंबे येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहतात, आणि त्यांत आपले विश्वासू बंधूही असतात. रविवारी ते आमच्या देवालयाच्या दाराशी येतात. त्यांची बोली निराळी, गाण्याच्या चाली निराळ्या, पाळकास हाक मारण्याची रीत निराळी. स्त्रियांचे पदर डोक्यावर, लेकरे उघडी. आमचे लोक त्यांस 'या, बसा' म्हणतात, हे खरे आहे. पण बसतात ते कोठे? उपासनेनंतर चहा निघतो, तेव्हा त्यांस कोणते पेले दिले जातात? 'ती मंडळी कोणातली?' हा प्रश्न दबलेल्या आवाजात कोणी विचारिला की नाही? उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न जेथे विचारिला जातो तेथे याकोबाकडची माणसे आलेली आहेत असे समजा, आणि आपण स्वतः त्या वेळी कोठे बसलो आहो तेवढे पाहा. उपदेश नंतर करता येईल. अंत्युखियास पेत्राच्या उपदेशाकडे कोणी पाहिले नाही; त्याच्या पाटाकडे पाहिले.

एक गोष्ट राहिली. पौलाने मासेदोनिया व अखया येथील परराष्ट्रीय मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरीब बंधूंकरिता वर्गणी जमविली. मासेदोनियाचे लोक स्वतः दरिद्री असून त्यांनी शक्तीपलीकडे दिले. पैसे जमले, नेणारी माणसे ठरली, आता आनंदाने निघावयाचे. परंतु रोमकरांच्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी पाहा, पौल त्यांच्याकडे एक विचित्र प्रार्थना मागतो. यहूदीयात शत्रूंपासून आपला बचाव व्हावा, हे तर तो मागतोच; आणखी असे मागतो की आपली ही सेवा तेथील पवित्र जनांस मान्य व्हावी. उपाशी मनुष्य भाकर घेईल की नाही, ह्याची काळजी! आम्हांस ही काळजी पूर्ण समजते. कारण देणे एक वेळ सोपे; त्यांच्या हातचे घेणे कठीण. ज्यांच्याबरोबर बसून जेवण्यास यरुशलेमेकडचे लोक कचरले होते, त्यांच्याच हातचे आता त्यांस घ्यावयाचे होते.

पौल यरुशलेमेस पोहोचला. बंधूंनी आनंदाने त्याचे स्वागत केले, दुसऱ्या दिवशी याकोब व सर्व वडील जमले, आणि त्यांनी देवाचे गौरव केले, इतके लूक लिहितो. त्या वर्गणीविषयी, ती कोणी कशी घेतली ह्याविषयी, त्या ठिकाणी त्याने एक शब्दही लिहिलेला नाही.